क्रूझवरचं सेफ्टी ड्रिल: कोल्हापुरातून निघालेल्यांनी एवढं वाचून जा

दर्यावरचा_कोल्हापूरकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून क्रूझला जाणारी कुटुंबं अलीकडे खूप वाढलीत. महालक्ष्मीत रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथनं बॅलार्ड पिअर अगदी जवळ. परवा आमच्या पेठेतल्या एका ग्रुपला त्यांच्या सहलवाल्यानं पाठवलेला मेसेज वाचायला मिळाला: 'जहाजावर गेल्या गेल्या एक ड्रिल असतं. वयस्कर मंडळींनी केबिनमध्येच आराम केला तरी चालतं, मी सांभाळून घेतो.' सहलवाल्याचं नाव लिहीत नाही. पण हा सल्ला धोक्याचा आहे, आणि वयस्कर मंडळींसाठी तर सगळ्यात जास्त. म्हणून हा धागा काढतोय.

मी क्रूझ जहाजांवर हाउसकीपिंगला होतो, बरीच कॉन्ट्रॅक्टं केली. जहाजावर प्रत्येक कर्मचाऱ्याला दोन कामं असतात. माझं रोजचं काम केबिनी आवरायचं, आणि अलार्म झाला की मी स्टेअरवे गाईड. नेमून दिलेल्या मजल्यावर, नेमून दिलेल्या जिन्याशी उभं राहायचं आणि येईल त्या माणसाला त्याच्या मस्टर स्टेशनकडे, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागेकडे, वळवायचं. वाढपी, आचारी, गाणारे, दुकानातल्या मुली, सगळ्यांना असं काही ना काही ठरवून दिलेलं असतं. आमचं बोट ड्रिल आणि फायर ड्रिल दर आठवड्याला व्हायचं. बंदरावर प्रवासी फिरायला उतरले, की आम्ही लाइफजॅकेटं घालून रांगेत.

तुमच्या वाट्याला येतं ते ड्रिल त्या मानानं फार छोटं. केबिनच्या दारावर आतल्या बाजूनं नकाशा लावलेला असतो. तुमच्या कार्डावर मस्टर स्टेशनचं अक्षर किंवा आकडा असतो. तिथं जायचं, हजेरी लावायची, जॅकेट कसं घालतात ते बघायचं आणि अलार्मचा आवाज ओळखून ठेवायचा: सात छोटे भोंगे, मग एक लांबलचक. कुठल्याही देशाचं, कुठल्याही कंपनीचं जहाज असो, हा इशारा तोच.

आता हे जहाज सुटायच्या आधीच का उरकतात ते सांगतो. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीतल्या चिवितावेक्किया बंदरातून संध्याकाळी सुटलं. चार हजारांहून जास्त माणसं होती. त्यातली सुमारे ७०० त्याच संध्याकाळी चढलेली, आणि त्यांचं ड्रिल दुसऱ्या दिवशी ठेवलेलं. तेव्हा नियमच तसा होता, चोवीस तासांच्या आत घ्या. बंदर सोडून अडीच तासही झाले नव्हते. रात्री पावणेदहाला जिल्यो बेटाजवळ जहाज खडकाला घासलं, बूड चिरलं, दिवे गेले. प्रवाशांना सांगितलं गेलं की विजेचा बिघाड आहे. जहाज सोडायचा हुकूम निघायला तासाहून जास्त वेळ गेला. तोवर जहाज इतकं कललं की काही लाइफबोटी खाली सोडताच येईनात. ३२ जण गेले. त्यांतला एक आपल्या मुंबईचा, रसेल रेबेलो, जहाजावर वेटर होता. त्याचे अवशेष नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज तोडताना मिळाले. कप्तान स्केत्तिनोला १६ वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतर सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात बदल झाला. १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यायचं, असा नियम आला. सहलवाला 'मी सांभाळून घेतो' म्हणतो तेव्हा तो हा नियमच मोडायला सांगत असतो. त्याला तो अधिकार नाही. हजर न राहणाऱ्या प्रवाशाला खाली उतरवायचा अधिकार कप्तानाला असतो.

सुनबाई_राजारामपुरी

दादा, फार वेळेवर धागा काढलात. आम्ही पुढच्या महिन्यात निघालोय, सासूबाई सोबत आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, घरातला जिनासुद्धा धरून धरून चढतात. आमच्याही सहलवाल्यानं जवळपास हेच सांगितलं आणि मला ते बरंच वाटलं होतं, की चला, त्यांची दगदग वाचली. पण खरंच आग-बिग लागली तर लिफ्ट बंद ना? मग त्यांना कसं न्यायचं?

दर्यावरचा_कोल्हापूरकर

वहिनी, लिफ्ट वापरायची नाही हे बरोबर. आणि म्हणूनच सासूबाईंनी ड्रिलला जायला हवं.

आधी बुकिंगचं. व्हीलचेअर लागते किंवा जिना जमत नाही, हे कंपनीला लेखी कळवा. सहलवाल्याच्या तोंडी निरोपावर राहू नका. अशा प्रवाशांची यादी जहाजावर वेगळी असते, आणि अलार्म झाला की कुणी कुठल्या केबिनवर जायचं हे त्या यादीवरनं ठरतं. जिन्यावरनं माणसाला बसवून उतरवायची खास खुर्ची असते, ती चालवायला शिकलेली माणसं असतात. पण यादीत नाव नसलं तर तुमच्या सासूबाई सात नंबरच्या डेकवर आहेत आणि त्यांना चालता येत नाही हे कुणाला कळणार?

दुसरं, केबिन घेताना मस्टर स्टेशन कुठल्या मजल्यावर येतंय ते विचारा. खिडकी आहे का, बाल्कनी आहे का हे सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही. जिन्याजवळची केबिन मिळाली तर घ्या.

तिसरं, साडी. हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. एका ड्रिलला आपल्याकडच्याच एक आजी होत्या. जॅकेट डोक्यातनं घातलं, पट्टा पाठीमागनं पुढं घेतला आणि बक्कल लावलं, पण पदर पट्ट्याच्या आत अडकलेला. कुणीतरी पदर ओढला तसं जॅकेट एका खांद्यावर वर चढलं आणि हनुवटीला टोचायला लागलं. पाण्यात असं जॅकेट तोंड वर धरत नाही, वर सरकून निघून जातं. आमच्या क्रूमधल्या एका मुलीनं त्यांचा पदर काढून कमरेला खोचला, पट्टा पुन्हा बांधला, गच्च ओढला आणि त्यांना खांद्यापाशी धरून जॅकेट वर उचलून बघितलं. हललं नाही. मग शिट्टी कुठं आहे आणि पाणी लागल्यावर पेटणारा दिवा कुठं आहे ते त्यांचाच हात धरून दाखवलं. दोन मिनिटांचं काम, पण रात्री दोन वाजता अंधारात हे शिकायचं म्हटलं तर कसं शिकणार? सासूबाईंना पंजाबी ड्रेस चालत असेल तर बरंच. नसेल तर पदर खोचायची सवय करून ठेवा आणि पायात मागं पट्टा असलेली चप्पल द्या.

प्रयागकाठ

भावा, लाखातलं बोललास. मी चिखलीचा. २०१९ च्या पुरात आमच्या गावात काय झालं ते सगळ्या कोल्हापूरला ठावं हाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, ही आकडेवारी आमच्याकडं पोरंटोरं पण पाठ म्हणत्यात. तरी पाणी ४३ च्या वर गेलं तेव्हा निम्मं गाव म्हणत होतं, अजून लई वेळ हाय, आमच्या दारात कधी आलंय पाणी. वेळ हाय म्हणता म्हणता रस्ता गेला. मग बोटीची वाट बघत माळ्यावर बसायची पाळी आली.

आणि बोट आली तरी माणूस सुटत नाही. आमच्या शेजारची म्हातारी एक पाय बोटीत ठेवून मागं फिरली, का तर ट्रंकेत जमिनीची कागदं. बोटीतली पंधरा माणसं, दोन जवान, सगळी तिच्यासाठी थांबली आणि पाणी तर वाढतंयच. त्यामुळं जहाजावर 'सामान घ्यायला मागं फिरू नका' म्हणत असतील तर ते खरं हाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दर्यावरचा_कोल्हापूरकर

दादा, तुम्ही जे लिहिलंत तेच ड्रिलचं मर्म आहे. एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. जहाज सोडायचा हुकूम झाल्यावर सगळ्या बोटी भरून ३० मिनिटांत पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत, असं सोलास सांगतं. पण ही ३० मिनिटं मोजायची ती सगळे प्रवासी जमल्यावर, जॅकेटं घातल्यावर. जमायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही. तो प्रवाशांच्या हातात. बोटी उतरवायला जहाजाची वीजसुद्धा लागत नाही, त्या स्वतःच्या वजनानं किंवा साठवलेल्या शक्तीवर उतरतील अशीच रचना असते. म्हणजे यंत्राची बाजू बरीच पक्की करून ठेवलेली आहे. कच्ची राहते ती माणसं जमायची बाजू.

आणि मस्टर स्टेशनवर मोजणी होते. एक कार्ड स्कॅन झालं नाही, तर एका कर्मचाऱ्याला धुराच्या दिशेनं, त्या केबिनपर्यंत परत पाठवावं लागतं. तो कुणाचा तरी मुलगा असतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

धागा माहितीपूर्ण आहे, पण थोडा मतभेद नोंदवतो. आम्ही नुकतेच सिंगापूरहून क्रूझ केली. तिथं ड्रिल म्हणजे फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या सवडीनं मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड दाखवून यायचं. गर्दी नाही, उन्हात उभं राहणं नाही. आईवडिलांनाही त्रास झाला नाही. जुनी पद्धत म्हणजे हजारो लोकांना एकदम डेकवर उभं करायचं आणि अर्धे लोक फोनवर बोलत असायचे. त्यातून कोण काय शिकत होतं? नव्या पद्धतीत निदान व्हिडिओ शांतपणे बघितला जातो.

दर्यावरचा_कोल्हापूरकर

तुमचं म्हणणं बरंचसं मान्य. ही पद्धत २०२० मध्ये, करोनाच्या काळात आली. रॉयल कॅरिबियननं ती 'मस्टर २.०' नावानं आणली. आमच्या जुन्या ड्रिलला म्हाताऱ्या माणसांना अर्धा-पाऊण तास उन्हात उभं राहायला लागायचं, ते मलाही पटायचं नाही. व्हिडिओ नीट बघणाऱ्याला तो उपयोगी पडतोच.

माझी काळजी वेगळी आहे. व्हिडिओ सुरू करून फोन उलटा ठेवायचा, आणि जेवायला जाता जाता लिफ्टनं मस्टर स्टेशनवर उतरून कार्ड टेकवून यायचं, हे मी बघितलंय. कागदोपत्री ड्रिल पूर्ण, पण त्या माणसाला केबिनपासनं जिन्यानं तिथं जायची वाट माहीतच नाही. त्यामुळं नवी पद्धत असलेल्या जहाजावर असाल तर एक काम स्वतःहून करा. केबिनचं दार बंद करा, तिथनं सुरुवात करा आणि लिफ्ट न वापरता मस्टर स्टेशनपर्यंत चालत जा. बाहेर पडल्यावर डावीकडं का उजवीकडं, वाटेत किती दारं, जिना वर जायचा का खाली, हे पायांना कळलं पाहिजे. मग दुसऱ्या जिन्यानं परत या, कारण पहिल्या जिन्यात धूर असू शकतो.

इंजिनरूमवाला_गडहिंग्लज

धूर म्हणालात म्हणून लिहितो. मी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर आहे, पण आगीची मूळ तत्त्वं सगळीकडे सारखीच. लोकांना बुडायची भीती वाटते, आम्हाला आगीची. कॉरिडॉरमधली आगीची दारं अलार्म झाला की आपोआप लागतात. ती बघून लोक घाबरतात, आपण कोंडलो असं वाटतं. ती हातानं ढकलून उघडता येतात, फक्त मागं पुन्हा लागू द्यायची, वीट-बीट लावून उघडी ठेवायची नाहीत. कॉरिडॉरच्या भिंतीला खाली, जमिनीलगत, उजळणारी पट्टी असते. ती शोभेची नव्हे. धूर वर साठतो, वरचे दिवे दिसेनासे होतात, तेव्हा खाली वाकून त्या पट्टीच्या आधारानं जायचं. ड्रिलच्या दिवशी एकदा ती पट्टी मुलांना दाखवा.

आणि कृपा करून बाल्कनीतून सिगरेट खाली टाकू नका. २३ मार्च २००६ ला 'स्टार प्रिन्सेस' जहाजावर पहाटे तीनच्या सुमाराला बाल्कनीत आग लागली. न विझवलेली सिगरेट हेच बहुधा कारण, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. बाल्कन्यांमधली प्लॅस्टिकची पार्टिशनं, खुर्च्या पेटत गेल्या आणि आग मजल्यामागून मजले चढली. एक प्रवासी धुरानं गेला. बाकीचे मात्र मस्टर स्टेशनवर जमले, मोजले गेले आणि वाचले.

त्याउलट २३ मार्च २०१९ ला नॉर्वेजवळ 'व्हायकिंग स्काय'ची इंजिनं वादळात बंद पडली. तेलाच्या टाक्यांत वंगणतेल कमी होतं. तिथं बोटी उतरवणंच शक्य नव्हतं इतक्या लाटा. ४७९ जणांना एकेक करून हेलिकॉप्टरनं उचललं, उरलेले दुसऱ्या दिवशी जहाजाबरोबर बंदराला लागले. जीव कुणाचाही गेला नाही. तासन् तास माणसं मस्टर स्टेशनवर जॅकेटं घालून बसली होती. आणीबाणीत असं नुसतं बसून राहणंही येतं, हे डोक्यात ठेवा. रोजची औषधं खिशात ठेवायची ती यासाठी.

दर्यावरचा_कोल्हापूरकर

तुम्ही जहाजावरचे आहात म्हणून एक गोष्ट इथं लिहितो, प्रवाशांनाही कळू दे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ला पाल्मा बेटावर 'थॉमसन मॅजेस्टी' जहाजाच्या बोट ड्रिलमध्ये लाइफबोटीची तार तुटली, बोट उलटी होऊन पाण्यात पडली आणि पाच कर्मचारी गेले. प्रवाशांसाठीचा सराव करताना. आमच्यात ड्रिलच्या सकाळी कुणी कुरकुरलं तरी बोटीच्या तारा बघताना सगळे गप्प असायचे.

मालवणी_माणूस

मी मूळचा कोकणातला, आता कोल्हापुरात. आमच्या घरात रामदास बोटीचं नाव अजून निघतं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरनं रेवसला निघालेली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. लाटेनं बोट कलली आणि माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला धावली, असं जुनी माणसं सांगायची. गर्दीला कुठं उभं राहायचं हे आधी सांगितलेलं असणं किती मोलाचं असतं, ते त्यावरनं कळतं.

अलीकडचंच बोलायचं तर १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला जाणारी नीलकमल बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेत बुडाली, १५ जण गेले. त्यानंतर गेटवेवरनं सुटणाऱ्या बोटींत जॅकेट सक्तीचं झालं. क्रूझवर जाताना मुंबईत एलिफंटा करणारे पुष्कळ असतात. त्या लहान बोटीतही जॅकेट घाला, मुलांना घाला, फोटोसाठी काढू नका.

दोन_पोरांची_आई

मुलांबद्दल कुणी लिहाल का? मोठा नऊ वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. मोठा म्हणे दिवसभर किड्स क्लबमध्येच राहणार. अलार्म झाला तर मी त्याला आणायला पळू का मस्टर स्टेशनला जाऊ?

दर्यावरचा_कोल्हापूरकर

ताई, हा प्रश्न ड्रिलच्या दिवशी किड्स क्लबच्या माणसांनाच समोरासमोर विचारा. बहुतेक जहाजांवर पद्धत अशी की लहान मुलाच्या मनगटावर पट्टा बांधतात, त्यावर त्याच्या मस्टर स्टेशनची खूण असते आणि क्लबमधली माणसंच त्याला तुमच्या स्टेशनवर आणून देतात. म्हणजे तुम्ही तिकडं पळायचं नाही. तुम्ही गर्दीच्या उलट दिशेनं निघालात आणि तो दुसऱ्या जिन्यानं तुमच्या स्टेशनवर पोचला, तर दोघांची चुकामूक. आईच्या पायांना हे पटत नाही, ठाऊक आहे मला. म्हणून आधी विचारून, ती माणसं बघून, मन घट्ट करून ठेवायचं. मोठ्यालाही सांगा की आई तिथंच भेटेल.

धाकटीचं जॅकेट वेगळं असतं. मोठ्यांचं जॅकेट घट्ट करून तान्ह्याला चालत नाही. मुलांची आणि तान्ह्यांची जॅकेटं जहाजावर ठेवणं बंधनकारक आहे, पण ती तुमच्या केबिनमध्ये असतीलच असं नाही. पहिल्याच दिवशी केबिन आवरणाऱ्या मुलाकडे मागा. कुठं ठेवलंय ते तो दाखवील किंवा आणून देईल. मी कित्येकांना आणून दिलंय, आणि मागणाऱ्या आईचा कधी कंटाळा आला नाही.

मंगळवारपेठ_कर

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. रात्री मशीन काढून झोपतात. सात भोंगे झाले काय न् सत्तर झाले काय, त्यांना जाग येणार नाही. आम्ही त्यांना वेगळी केबिन घेतली होती, आता बदलावी का?

दर्यावरचा_कोल्हापूरकर

बदलता आली तर बदला, एकाच केबिनमध्ये कुणीतरी सोबत झोपा. नाहीच जमलं तर कंपनीला आधी कळवा, पुष्कळ जहाजांवर दिवा लुकलुकवणारी किंवा उशीखाली थरथरणारी यंत्रं मिळतात. ती चढल्यावर रिसेप्शनला मागून, लावून, एकदा चालवून बघा. आणि त्यांच्या केबिनची जादा किल्ली तुमच्याकडं ठेवा.

सुनबाई_राजारामपुरी

काल कंपनीला मेल केला होता, आज उत्तर आलं. एक फॉर्म पाठवलाय, त्यात व्हीलचेअर, जिना, औषधं सगळं विचारलंय. सहलवाल्यानं हा फॉर्म आम्हाला दाखवलाच नव्हता. मस्टर स्टेशन आमच्या केबिनच्या दोन मजले खाली येतंय. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या मी येणार ड्रिलला, मला शिट्टी कुठली ते बघायचंय. एक राहिलं. त्यांना इंग्रजी कळत नाही, हिंदीही जेमतेम. तिथं जे सांगतील ते मी मराठीत सांगत बसले तर इतरांना त्रास नाही का होणार?

दर्यावरचा_कोल्हापूरकर

अजिबात होणार नाही, वहिनी. मोठ्यानं सांगा, शेजारची मराठी माणसंही जवळ येतील. आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर नावाची पट्टी असते, त्यावर बहुतेक ठिकाणी देश लिहिलेला असतो. 'इंडिया' दिसलं की विचारा, मराठी येतं का. मुंबई, कोकण, कोल्हापूर-सांगलीकडची मुलं जहाजांवर भरपूर आहेत. एखादा सापडला तर तोच सासूबाईंना जॅकेट घालून दाखवील. फॉर्म भरलात की त्याची पोच मेलवर मागून घ्या आणि छापून सोबत ठेवा. चढल्यावर रिसेप्शनला ती दाखवून त्या यादीत नाव आलंय का ते तिथंच विचारा.